दुष्काळ सरला, अधिभार उरला
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीत दुकानदार पुष्कळ असल्यामुळे विक्रीकराचा विषय निघताच सभा सावध होते. परंतु हा कर सरकारात भरतो दुकानदार आणि सोसते गिऱ्हाईक, हे प्रथम ध्यानात घ्यावे. प्राप्तिकर माणसाची मिळकत पाहतो. विक्रीकर तसे काही विचारीत नाही. साबणाच्या वडीवर मोलकरीण जेवढा कर देते तेवढाच तिची मालकीणही देते. म्हणून त्याची वाढ ही केवळ व्यापाऱ्यांची कुरकुर नव्हे.

मुंबई प्रांतात हा कर १९४६ साली आला. २००५ साली तो मूल्यवर्धित कर झाला. पुढे २०१५ च्या सप्टेंबरअखेर दुष्काळनिवारणासाठी म्हणून राज्याने पेट्रोल व डिझेल यांवर लिटरमागे २ रुपयांचा वाढीव बोजा टाकला. कारण खरे होते. लातुरास पुढील उन्हाळ्यात आगगाडीने पाणी न्यावे लागले. तेव्हा दोन रुपयांसाठी कुरकुर करणे कोणासही शोभले नसते. परंतु २०१६ साली मराठवाड्यात चांगला पाऊस झाला, आणि अधिभार मात्र मुक्काम करून राहिला. इतकेच नव्हे, त्याच सप्टेंबरात इतर पुष्कळशा मालावरील कर १२.५ टक्क्यांवरून १३.५ टक्के झाला. दुष्काळाची मुदत निसर्गाने ठरविली. कराची कोणीच ठरविली नव्हती.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, आणि एकट्या राज्याच्या हाती विक्रीकर उरला तो मुख्यतः इंधन व मद्य यांवर. तिजोरीस चणचण भासली की नजर तेथेच वळणार. मद्याचे सोडा, डिझेल महागले की नाशिकचा कांदा मुंबईस पोहोचेपर्यंत महागतो.

आता चणचण का भासते ते पाहू. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात राज्याची महसुली जमा ५,६०,९६४ कोटी रुपये धरली होती आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. म्हणजे ४५,८९१ कोटींची तूट. धरणासाठी कर्ज काढले तर धरण उरते. येथे मात्र किराण्याची उधारी भागविण्यास सावकार गाठावा, तशी गत आहे. गरीब भगिनींच्या हाती दरमहा १५०० रुपये पडावेत यास आमचा विरोध नाही. पण २०२४ साली निवडणुकीच्या तोंडावर अर्ज घाईने मंजूर करावयाचे आणि पात्रतेची कसून छाननी निवडणूक आटोपल्यावर करावयाची, यास आम्ही दानधर्म म्हणत नाही.

नामदार गोखले यांनी १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर टीका केली, ती तिजोरीत शिल्लक पडत असताना मिठावरचा कर जड का ठेवला, अशी होती. पुढील वर्षी तो कर मणामागे आठ आण्यांनी उतरला. आकडे मांडून भांडण्याची ही रीत आपल्याच प्रांतातली आहे. आज शिलकेचा प्रश्नच नाही, तेव्हा आपली मागणी याहून साधी असावी: प्रत्येक अधिभारावर मुदत लिहा, आणि मुदत संपताच जमाखर्च जाहीर करा.

एक अप्रिय गोष्ट बोलणे प्राप्त आहे. आपल्या ज्ञातीसाठी सरकारने स्वतंत्र आर्थिक विकास महामंडळ स्थापावे, असा ठराव आज सायंकाळी येणार आहे. अलीकडे अनेक समाजांस अशी महामंडळे मिळाली, आपणच का मागे, असा त्यामागचा युक्तिवाद. महामंडळ म्हटले की अध्यक्ष आले, कचेरी आली, मोटार आली. कर्ज मागणारा होतकरू तरुण रांगेत शेवटी. आणि हा सारा खर्च निघणार त्याच साबणाच्या वडीतून! सकाळी करवाढीचा निषेध आणि सायंकाळी महामंडळाची मागणी, हे एका व्यासपीठावर कसे बसावे? होतकरू मुलांस भांडवल हवे हे खरेच. त्यासाठी ज्ञातीचा शिक्षणनिधी वाढवून त्यातून बिनव्याजी उसनवार देता येईल.

तो ठराव मागे घेऊन त्याजागी अधिभाराच्या मुदतीचा ठराव घ्यावा, अशी लेखी सूचना आम्ही कार्यवाहांकडे दिली आहे. ती मान्य न झाल्यास मतदानाच्या वेळी आमचा हात विरोधात वर होईल.