मुदत आणि मुदतबाह्य काम



प्रत्येक कामास दिवस नेमलेला असतो, हें आपण जाणतों. हल्लीं या दिवसांचा हिशेब संगणक ठेवतो. तो कोणत्या रीतीनें ठेवतो, हें समजून घेणें हिताचें आहे; कारण खात्यांतील पैसा वेळेवर हातीं येणें कधीं कधीं त्यावरच अवलंबून असतें.

बँकेचेंच उदाहरण घेऊं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणें खातेदाराची ओळख व पत्ता पुनःपुन्हां पडताळावा लागतो: अधिक जोखमीच्या खात्यांत किमान २ वर्षांनीं, मध्यम जोखमीच्या ८ वर्षांनीं, अल्प जोखमीच्या १० वर्षांनीं.

मुदतीच्या दोन जाती आहेत. एक पंचांगास बांधलेली. वस्तु व सेवा कराचें मासिक विवरणपत्र साधारणतः पुढील महिन्याच्या २० तारखेस द्यावयाचें. मागचें उशिरा दिलें म्हणून पुढची तारीख सरकत नाहीं. दुसरी मागील कामास बांधलेली. बँकेची पडताळणी या जातीची. तिची मुदत खातें उघडल्यापासून अथवा मागील पडताळणीपासून मोजतात.

संगणक नेमलेली तारीख आजच्या तारखेशीं ताडून पाहतो. ती उलटली व पूर्ततेची नोंद नसली, तर ‘मुदतबाह्य’ असा शेरा पडतो. शाळेच्या हजेरीपटांत मूल गैरहजर दिसतें. तें कां आलें नाहीं, हें हजेरीपट सांगत नाहीं. येथेंही तसेंच. खातेदार अंथरुणास खिळला आहे, कीं कागद देऊन गेला व नोंदच राहिली, हा भेद यंत्रास कळत नाहीं. अशा वेळीं नुसती तारीख पुढें ढकलून शेरा पुसणें हा सर्वांत वाईट उपाय होय. काम तसेंच राहतें, उणीव मात्र दिसेनाशी होते. चांगल्या व्यवस्थेंत मूळ तारीख कायम राहते आणि ती कोणीं व कां बदलली, याचीही नोंद होते.

२०२५ च्या दुरुस्तीनें मुदतीपूर्वीं किमान तीन सूचना व मुदतीनंतर किमान तीन स्मरणपत्रें देणें बँकांवर बंधनकारक झालें. दोन्ही वेळां त्यांतील एक तरी टपालाच्या पत्रानें. माहिती बदलली नसेल, तर तसें स्वयंघोषणापत्र पुरतें. कागद मिळाल्याची तारखेसह पोंच बँकेनें द्यावयाची असते. ती आठवणीनें मागून घ्यावी व पासबुकांत जपून ठेवावी. नोंद राहून गेलीच, तर आपल्या बाजूनें बोलणारा तोच एक कागद असतो.