घरांचे आराखडे आणि वसईचे मुके रहिवासी
(महोत्सवी व्याख्यानमालेंत वाचलेलें भाषण)



महोत्सवाच्या निमित्तानें मागें वळून पाहण्याचा प्रघात आहे. आपल्या वसई प्रांतांत गेल्या कांहीं दशकांत किती इमारती उभ्या राहिल्या हें आम्हीं सांगावयास नको. 2011 च्या शिरगणतींत वसई-विरार शहराची वस्ती 12 लाखांवर गेली, यांतच तें आलें. आमचा आजचा प्रश्न निराळा आहे. त्या इमारतींच्या जागीं पूर्वीं कोणते जीव राहत होते, आणि त्यांचें पुढें काय होणार याची पाहणी घरांचे आराखडे मंजूर करतांना कोणत्या रीतीनें केली जाते?

वसईची जमीन पाण्यानें घडविलेली आहे. दक्षिणेस खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर. डोंगरावरील पाऊस भातखाचरांतून व नाल्यांतून खाडीकडे निघतो, आणि भरतीच्या वेळीं खाडी त्यास मागें लोटते. मधल्या पट्ट्यांत वाड्यांतील बावखलें. पूर्वजांनीं तीं शिंपणासाठीं खणलीं. परंतु तेवढ्यावर त्यांचें काम संपत नाहीं. पावसाळ्यांत भरलेलें बावखल भोंवतालच्या विहिरींस गोडें पाणी पुरवितें व खारें पाणी दूर ठेवितें. त्याच्या कांठीं खंड्या, ढोकरी, पाणकोंबडी यांचा संसार चालतो. मिठागरांत हिवाळ्यांत दूर उत्तरेकडून तुतवार व चिखले उतरतात. तिवरांच्या आडोशास कोल्हा राहतो.

भातखाचराची गोष्ट तर अद्भुत आहे. जूनच्या पहिल्या जोराच्या सरींत वलगणीचे मासे नाल्यांतून उलटे चढून खाचरांत येतात व तेथें अंडीं घालतात. त्याच रात्रीं मोठे बेडूक, जे कोरड्या दिवसांत मातींत निजलेले असतात, वर येतात. नर हळदीसारखे पिवळे होतात, आणि त्यांच्या आवाजानें माणसास झोंप लागत नाहीं. आतां एखादा पाहणी करणारा गृहस्थ मे महिन्यांत या शेतावर आला, तर त्यास काय दिसेल? भेगाळलेली जमीन, धसकटें, फार तर एखादी टिटवी. तो प्रामाणिकपणें लिहील कीं येथें विशेष जीवसृष्टि आढळली नाहीं. बेडूक त्याच्या पायांखालीं हातभर अंतरावर असतो. मग भराव पडतो, आणि तो बेडूक तेथेंच राहतो.

आतां कायद्याकडे वळूं. 2006 च्या पर्यावरण-परिणामविषयक अधिसूचनेनें 20,000 चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांस पूर्वपरवानगीची अट घातली, ही गोष्ट स्तुत्य होय. परंतु त्याच अधिसूचनेनें अशा बांधकामांस जनसुनावणींतून सूट दिली. ज्यानें आयुष्यभर त्या नाल्यांत मासे धरले, त्याची साक्ष घेण्याचें बंधन कोणावर राहिलें नाहीं! शिवाय लहान लहान बांधकामें या चाळणीबाहेरच. एकेक बावखल बुजविल्यानें कोणत्याहि एका अर्जांत मोठी हानि दिसत नाहीं. पन्नास बुजल्यावर विहिरी खाऱ्या होतात, आणि तेव्हां दोष कोणत्या अर्जास द्यावयाचा?

याहून चमत्कारिक प्रकार पाणथळींच्या 2017 च्या नियमांत आहे. त्यांत पाणथळीची जी व्याख्या केली आहे, तिच्यांतून भातशेतें वगळलीं आहेत; मीठ पिकविण्यासाठीं बांधलेल्या जागा वगळल्या आहेत; आणि शिंपणासाठीं मुद्दाम केलेलीं तळींहि वगळलीं आहेत. श्रोतेहो, खाचर, मिठागर आणि बावखल हीं तीन बाजूला काढलीं तर वसईच्या पाण्यांपैकीं उरलें काय? तो वाफा मिठासाठीं बांधला कीं निसर्गानें घडविला, याची चौकशी तुतवार करीत नाहीं. तिवरांस मात्र न्यायालयानें हात दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानें त्यांची तोड व त्यांच्या भोंवतीं 50 मीटरांपर्यंतचें बांधकाम निषिद्ध ठरलें. परंतु तिवर राखून त्यामागचें खाचर बुजविलें, तर माशाची वाट तुटते ती तुटतेच.

ज्यांस घर हवें आहे त्यांस आम्ही दोष देत नाहीं. मुंबईंत ज्यांना खोली परवडली नाहीं तेच बहुतेक येथें आले, आणि त्यांचीं मुलें आज आपल्याच शाळांत शिकतात. जुलै 2018 च्या पुरांत तळमजल्यावरील त्यांच्याच घरांत पाणी शिरलें व लोहमार्ग बुडाला. अतिवृष्टि हें त्याचें एक कारण खरें. पण पाण्याच्या जागेवर भराव टाकल्यावर पाणी दुसऱ्याच्या उंबऱ्याशीं जाणार, यांत नवल तें काय? ज्या नाल्यानें मासा चढतो त्याच नाल्यानें पूर उतरतो.

1990 सालीं या प्रदेशाचें नियोजन सिडकोकडे आलें. त्या सुमारास दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालीं हरित वसई संरक्षण समितीनें जी चळवळ केली, ती विहिरी व टँकर यांच्याविषयीं बोलत होती, पक्ष्यांविषयीं क्वचितच. तरीहि पाण्यास प्लॉटची हद्द कळत नाहीं, हें मर्म तिनें ओळखलें होतें.

इंग्लंडमध्यें फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या बांधकामांस एक अट आहे: मोडलेल्या अधिवासापेक्षां किमान दहा टक्के अधिक अधिवास निर्माण करून तो 30 वर्षे राखावयाचा. हिशेब ठेवण्याची ही शिस्त आम्हांस आवडते. परंतु वसईंतील बावखलाचा मोबदला दुसऱ्या तालुक्यांतील झाडांनीं फिटेल, असें आम्ही मानीत नाहीं.

आपल्याजवळहि साधन आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्यानें प्रत्येक स्थानिक संस्थेस समिति नेमून लोकांच्या साह्यानें जीवसृष्टीची नोंदवही करावयास सांगितलें आहे. नगररचनेच्या 1966 च्या कायद्याप्रमाणें विकास आराखड्यापूर्वीं जमिनीच्या चालू वापराचा नकाशा करावा लागतो. या दोहोंची गांठ घालावी, एवढीच आमची मागणी. निवासाचा पिवळा रंग भरण्याआधीं नोंदवही त्या नकाशाशेजारीं उघडलेली असावी. आणि ती नोंद एकाच दिवसाची नसावी. पहिला पाऊस, भाताचे दिवस, पौषांतील पक्षी आणि वैशाखांतील विहिरींचें पाणी, अशी वर्षांतून चार वेळां पाहणी व्हावी. कोळी, आगरी, वाडवळ, सामवेदी, वारली, ज्याचें जें पाणी त्यानें तें सांगावें, आणि शाळेंतील मुलांनीं लिहून घ्यावें. सर्वेक्षणाच्या क्रमांकासह लिहावें, म्हणजे पुढें हरकतीचा अर्ज करतांना तो कागद उपयोगीं पडेल.

आपल्या धर्मग्रामांतील तरुणांनीं ही पाहणी येत्या जूनमध्यें सुरू करावी. एक विजेरी, एक वही आणि वलगणीची वाट ठाऊक असलेला एखादा म्हातारा सोबतीस घ्यावा. पहिली सर कोसळली कीं रात्रीं नऊच्या सुमारास खाचराच्या बांधावर उभें राहावें.