खोकल्याचे औषध
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



दारूबंदीवर दोन शब्द बोला, अशी मला आज्ञा झाली आहे. ज्या सभागृहात कुणीच पीत नाही, तिथे हा विषय म्हणजे रोजेदाराला उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे! म्हणून आधी एक गंमत सांगतो.

१९३९ साली 'ब्रँडीची बाटली' नावाचा बोलपट आला. दिग्दर्शक आपल्या कोल्हापूरचे मास्टर विनायक, कथा आचार्य अत्र्यांची, आणि चित्रसंस्था १९३६ मध्ये इथेच सुरू झालेली हंस पिक्चर्स. दिवसच दारूबंदीचे होते. त्याच वर्षी १ ऑगस्टला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. बोलपटात दामुअण्णा मालवणकर नगरपालिकेतले भोळे कारकून झाले आहेत. आजाऱ्यासाठी औषध म्हणून ब्रँडी आणण्याची कामगिरी या बगारामवर येते. बिचारा थेंबालाही न शिवलेला. बाटली मिळते कुठे, हेच त्याला ठाऊक नाही! सारा घोटाळा तिथून सुरू होतो.

असा घोटाळा कायद्याचाही झाला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या जाळ्यात मद्यार्क असलेली औषधे आणि कोलनवॉटरसुद्धा सापडले. शेवटी १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते सोडवावे लागले. शब्दांचे तर विचारूच नका. 'अल्कोहोल' हा शब्द अरबी 'अल्-कुह्ल'पासून आला. कुह्ल म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा! शराब आणि शरबत ही तर एकाच धातूची भावंडे. मूळ अर्थ नुसता 'पिणे'.

आता हसू थोडे आवरा. माझ्या माहितीतल्या एका घरची गोष्ट आहे. नाव सांगत नाही, कोण म्हणून शोधूही नका. घरच्या कर्त्या माणसाने कपाटात एक बाटली ठेवली होती. विचारले की म्हणे, "खोकल्याचे औषध." एके रात्री नातू खोकू लागला. दादीने बिस्मिल्ला म्हणून त्यातलेच दोन चमचे पाजले. पोर गुंगले, सगळ्यांची धावपळ उडाली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "काय दिले?" बाप खाली पाहतो, आई भिंतीकडे पाहते. दादी एकटीच ठामपणे सांगते, "औषध दिले, डॉक्टरसाहेब!" त्या बाईने जन्मात दारूचा वास घेतला नव्हता. डॉक्टरांनी वासावरून ओळखले म्हणून बरे. पोर दुसऱ्या दिवशी अंगणात खेळत होते.

बाप मात्र अजून पितो. त्याला घेऊन डॉक्टरकडे कोण जाणार? आमच्यात दारू नाही, मग दारूचा रोगी तरी कसा असेल? हराम आहे, हे आपण मुलांना पाचव्या वर्षी शिकवतो, आणि ते शिकवलेच पाहिजे. पण सुटत नसेल तर कुणाकडे जायचे, हे पन्नासाव्या वर्षीही कुणी सांगत नाही. त्या घरच्या बाईने हे दुखणे अकरा वर्षे झाकून ठेवले. सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगितले नाही.

समारंभानंतर एक डॉक्टर तासभर ग्रंथालयाच्या खोलीत बसणार आहेत. कुणासाठी विचारता, हे ते विचारणार नाहीत. भगिनींसाठी मागच्या बाजूचे दार उघडे ठेवले आहे.