आरोग्यसेवा, संगणक आणि ग्रंथपाल



डॉक्टर बोलावयास उभे राहिले म्हणजे रक्तदाब आणि मधुमेह हे विषय ठरलेलेच, अशी आपली समजूत असणे स्वाभाविक आहे. आम्ही मात्र आज ग्रंथपालांविषयी बोलणार आहोत.

ज्या देशात आपण राहतो, त्या आयर्लंडची आरोग्यसेवा वेगाने संगणकाच्या पडद्यावर येत आहे. शासनाने २०२४ मध्ये २०३० पर्यंतचा तसा आराखडा जाहीर केला, आणि २०२५ मध्ये एचएसईचे मोबाईल अ‍ॅप जनतेच्या हाती आले. लसीकरणाच्या नोंदी, औषधांची यादी त्यात पाहता येते. परंतु आत शिरण्यास पडताळणी झालेले मायगव्हआयडी खाते लागते. संगणकाच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलाला हे दहा मिनिटांचे काम. त्याच्या आईला मात्र ते दार बंदच राहते, आणि तिच्या प्रकृतीचा सारा व्यवहार मुलाच्या मोबाईलमध्ये जातो.

आम्हा वैद्यकांना धोका दिसतो तो येथेच. अंगावरून जाणे, छातीतील गाठ, मनाची उदासी, हे शब्द कोणती आई मुलासमोर उच्चारील? "काही नाही रे, बरी आहे मी," एवढे बोलून ती गप्प बसते. ५० ते ६९ वयाच्या स्त्रियांसाठी स्तनांच्या कर्करोगाची मोफत तपासणी करणारी ब्रेस्टचेक योजना येथे आहे. तिचे इंग्रजी पत्र घरी येते, कोणीतरी उघडते, आणि ते फ्रीजवर चिकटून राहते.

अशा वेळी सार्वजनिक वाचनालयाचा विचार व्हावा. येथे त्याचे सभासदत्व सर्वांस विनामूल्य आहे, २०१९ पासून उशिराचा दंडही नाही. 'हेल्दी आयर्लंड अ‍ॅट युवर लायब्ररी' या उपक्रमातून आरोग्याची पुस्तके आणि व्याख्याने तेथे मिळतात. ग्रंथपाल रोगाचे निदान करीत नाही, करूही नये. पण खाते कसे उघडावे, अक्षरे मोठी कशी करावीत, एखादी माहिती कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे लिहिली हे कसे पाहावे, हे तो शांतपणे दाखवितो. व्हॉट्सअ‍ॅपवरून येणाऱ्या मधुमेहाच्या काढ्यांना हे तीन प्रश्न विचारून पाहावेत. फारच थोडे काढे टिकतील!

संगणकाच्या साक्षरतेचे मोल या देशाने जबर किमतीने जाणले आहे. मार्च २०२१ मध्ये एका कर्मचाऱ्याने ई-मेलसोबत आलेली एक फाईल उघडली. १४ मे रोजी एचएसईची संगणकव्यवस्था बंद पडली आणि रुग्णालये कागदावर आली. सर्व काही सावरण्यास चार महिने लागले.

डब्लिनच्या डॉ. स्टीव्हन्स रुग्णालयास डॉ. एडवर्ड वर्थ यांनी १७३३ मध्ये सुमारे ४,४०० ग्रंथ दिले. ते फक्त तेथील वैद्य, शल्यचिकित्सक आणि धर्मगुरू या तिघांसाठी होते. ज्ञानाला कुलूप म्हणजे काय, हे आपल्या समाजास कोणी सांगावयास नको. त्याच वास्तूत आज एचएसईचे मुख्यालय आहे, आणि तिचे ग्रंथपाल कोविडच्या काळात डॉक्टरांसाठी नवनव्या संशोधनाचे सारांश तयार करीत होते. औषधोपचारांचे पुरावे तपासणारी कॉक्रेन लायब्ररी तर या देशातील कोणाही रहिवाशास सरकारी खर्चाने खुली आहे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या पाच सूत्रांपैकी एक, वाचकाचा वेळ वाचविण्याचे, आजाऱ्याच्या बाबतीत अधिकच खरे आहे.

उणीव भाषेची उरते. एचएसईच्या रुग्णालयात दुभाषी मागता येतो. तो मागावा, मुलास त्या कामी लावू नये. वाचनालयात मात्र मराठी जाणणारा ग्रंथपाल भेटणे कठीण. म्हणून आपल्या संघटनेतील दोन-तीन भगिनींनी शनिवारी आपापल्या गावच्या वाचनालयात तासभर बसावे, आणि आयांना मुलांवाचून एकटेच तेथे येऊ द्यावे, अशी आमची सूचना आहे. पहिल्या शनिवारी ते फ्रीजवरचे पत्र सोबत आणावे.