शिऱ्यातला बेदाणा

(रौप्यमहोत्सवी वर्षातील बालगोपाळ मेळाव्यात केलेले भाषण)



मला खरं तर सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबावर बोलायला सांगितलं होतं. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला लोक दुसरं काय सांगणार? पण हिशेब खजिनदारांनी छापलेलाच आहे. मी बोलणार आहे एका शंभर पानी वहीवर, आणि ती वही माझी नाही. माझ्या नातीची आहे. वय वर्षं नऊ.

आमचा मोती तुम्हा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. काहींच्या जरा जास्तच. त्याच्या भुंकण्याबद्दल आलेले दोन तक्रारअर्ज मी जपून ठेवले आहेत.

गेल्या श्रावणात आपल्या सोसायटीचा सत्यनारायण झाला. शिरा झकास झाला होता. केळी, साजूक तूप आणि बेदाणे अगदी सढळ हाताने. नातीने स्वतःचा द्रोण खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि वर नेऊन मोतीला दिला. मी तिथेच होतो. अडवलं नाही. अडवणार कसा? ‘प्रसादाला कुणाला नाही म्हणू नये’ हे तिला मीच शिकवलेलं. आपल्याकडे खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो. चंपाषष्ठीला साताऱ्याच्या खंडोबाला आपण सगळे जातो. मग त्याच्या कुत्र्याला प्रसाद का नको?

अर्ध्या तासाने सूनबाई खालून आल्या, रिकामा द्रोण पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की द्राक्षं कुत्र्याला चालत नाहीत. बेदाणा म्हणजे वाळलेलं द्राक्षच. मी म्हणालो, ‘काही होत नाही, आमच्या गावाकडे कुत्री काय वाट्टेल ते खायची.’ हे वाक्य मी या ठिकाणी मागे घेतो.

आमच्या पशुवैद्यांना फोन केला. ते म्हणाले, ‘लक्षणांची वाट बघू नका, लगेच आणा.’ औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईपासून संध्याकाळच्या गर्दीत रिक्षा कशी निघते ते तुम्ही जाणताच. मोती मजेत शेपूट हलवत होता आणि नात रडत होती. ‘आजोबा, मी त्याला विष दिलं का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने दिलं होतं खरं, पण मुळात चूक माझी होती.

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली. त्यात बेदाणे निघाले, तुपात फुगलेले. नातीने मोजले. अकरा. मग सलाईन, आणि दोन दिवसांनी पुन्हा रक्ततपासणी. माझ्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टची घरात कुणी इतकी वाट पाहिलेली नाही. रिपोर्ट चांगला आला.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते पालकांनी नीट ऐकावं. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं एक-दोन दिवसांत निकामी होऊ शकतात. सगळ्याच कुत्र्यांना बाधतं असं नाही, पण कुणाला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून ‘थोडं चालेल’ हा हिशेबच इथे नाही. कारण बरीच वर्षं कळत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. धागा कसा सापडला पाहा. मुलं खेळतात तो घरी मळलेला पिठाचा गोळा एका कुत्र्याने खाल्ला. त्यात हेच आम्ल असलेली पावडर होती, आणि त्रास झाला अगदी द्राक्षांसारखा! हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे आपली चिंचगुळाची आमटीसुद्धा बाद.

त्या रात्री नातीने वही काढली. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘डॉक्टरांना विचारून’ असे तीन रकाने आखले. मी तिला बँकेची पद्धत सांगितली, एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने तपासून सही करायची. तेव्हापासून ती लिहिते आणि मी सही करतो. विचारल्याशिवाय सही नाही. चार वेळा तर तिनेच माझी सही परत घेतली.

‘नाही’चा रकाना भराभर भरला. कांदा-लसूण शिजवलेलासुद्धा नाही, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्रास काही दिवसांनी दिसतो. याचा अर्थ आपल्या घरातली जवळजवळ कुठलीच भाजी नाही. नान खलियातलं हाडूक नाही, कारण शिजलेलं हाड ठिसूळ होऊन त्याच्या चिरफळ्या घशात-आतड्यात रुततात. चॉकलेट नाही, आणि जितकं काळं तितकं वाईट. आमच्यासारख्या मधुमेही मंडळींनी आणखी एक ध्यानात ठेवावं. काही बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं. ते पोटात गेलं तर तासाभराच्या आत कुत्र्याची साखर धोकादायक खाली येऊ शकते. आपली वाढते, त्याची उतरते! माझ्या खिशातली पाकिटं नातीने जप्त केली.

‘हो’च्या रकान्यात साधा भात, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, हाडाशिवाय, उकडलेलं अंडं, गाजर, लाल भोपळा, बिया काढलेलं सफरचंद, चमचाभर साधं दही. दूध बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा चालतो. मला त्याचं नवल वाटलं, पण 2013 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की लांडग्यापेक्षा कुत्र्याला पिष्ट पदार्थ पचवणं सोपं जातं. माणसाच्या दारात राहून त्याचं पोट बदललं.

भाकरीवरून मी तिला नामदेव महाराजांची गोष्ट सांगितली, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावण्याची. ती म्हणाली, ‘पण डॉक्टर म्हणाले, जास्त तुपाने स्वादुपिंडाला सूज येते.’ मी म्हटलं, ‘त्या कुत्र्यात पांडुरंग होता गं.’ तिने थोडा विचार केला आणि तूप ‘नाही’त लिहिलं.

आता सोसायटीच्या कामाचं. महाप्रसादानंतर उरलेल्या पत्रावळी गेटजवळ टाकल्या जातात आणि गल्लीतली कुत्री तिथे जमतात. काहींना ती नकोत, काहींना त्यांची दया येते. दोन्ही बाजू मी सभेत ऐकल्या आहेत. 2023 च्या केंद्राच्या नियमांत खाऊ घालायची जागा सोसायटीने ठरवून द्यावी असं आहे, ये-जा करायच्या वाटेपासून, जिन्यापासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब. मागच्या भिंतीकडचा कोपरा मला योग्य वाटतो. तिथे काय ठेवायचं याची यादी या वहीतून उतरवून सूचनाफलकावर लावायला नात तयार आहे. कमिटीने परवानगी द्यावी. आणि यंदाच्या शिऱ्यात बेदाणे असतील तर तसं वाढताना सांगावं, एवढीच विनंती.

वहीत एकच नोंद अजून अडली आहे, पुरणपोळी. डाळ आणि गूळ यावर चर्चा झाली, पण पुरणात जायफळ असतं आणि जायफळ कुत्र्याला बरं नाही. मी ‘नाही’त लिहायला सांगितलं. तिने मात्र ती ‘डॉक्टरांना विचारून’मध्ये टाकली आहे, आणि पोळ्याचा दिवस जवळ येतोय. मी अजून सही केलेली नाही.