जुनी खतावणी, नवी प्रणाली



देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणास केंद्र शासनाने २०२२ मध्ये मंजुरी दिली. गावोगावच्या विकास सोसायट्यांचे हिशेब एकाच ईआरपी प्रणालीवर आणणे, हे या योजनेचे सूत्र होय.

यंत्र बेरजेत चुकत नाही. परंतु मूळ आकडा खरा की खोटा, हे त्यास कळत नाही. खतावणीत जमा न झालेला हप्ता संगणकातही थकबाकी म्हणूनच उतरतो आणि शेतकऱ्याचे नवे पीककर्ज अडते. म्हणून आरंभीची शिल्लक भरण्यापूर्वी कीर्द, खतावणी व तेरीज यांचा मेळ घालावा. सभासदाचे पासबुक ताडून त्याची सही घ्यावी. जुने दप्तरही जपून ठेवावे. वाद उद्भवल्यास साक्ष तेच देईल.