बुद्धिबळाचा नाद सोडू का?

(या भागाचं शब्दांकन. बोललेलं शक्यतो तसंच ठेवलंय. मधली अडखळण आणि चहाचे घोट तेवढे काढलेत.)

कुरुंदवाडातून बोलतोय.

आजचा विषय एका मेसेजमधून आलाय. पाठवणारा आपल्याच शिरोळ तालुक्यातला. नाव सांगू नका म्हणालाय, त्यामुळे नाव नाही. वय २४. स्पर्धा परीक्षेचे दोन प्रयत्न झालेत, तिसरा तोंडावर आहे. तो लिहितो, “दादा, आठवीपासून बुद्धिबळ खेळतोय. दोन वर्षं रेटिंग १५०० च्या आसपास अडकलंय. रात्री एकच डाव म्हणून बसतो आणि दीड वाजतो. आई म्हणते, सोड ते खूळ. मित्र म्हणतात, छंद आहे, सोडायचा कशाला? मला काय कळेना झालंय. बुद्धिबळ सोडू का?”

मेसेज वाचून मी लगेच उत्तर दिलं नाही. दोन दिवस डोक्यात घोळवला. कारण ‘सोड’ म्हणणं सोपं आहे आणि ‘सोडू नको’ म्हणणं त्याहून सोपं. आणि मी स्वतः खेळतो, त्यामुळे माझं मत जरा एका बाजूला झुकणारच.

आपल्या कोल्हापूरकडं यासाठी एक भारी शब्द आहे, नाद. कुणाला कुस्तीचा नाद, कुणाला बैलांचा, कुणाला होड्यांच्या शर्यतीचा. छंद म्हटलं की कसं सभ्य वाटतं, फॉर्मवर लिहिता येतं. व्यसन म्हटलं की लोक तोंड फिरवतात. नाद या दोन्हीच्या मधे बसलाय. नाद असलेल्या माणसाचं आपल्याला कौतुकही असतं आणि त्याच्या घरच्यांची थोडी काळजीही वाटते. तर या भावाचा प्रश्न असा आहे, की त्याचा नाद कुठल्या बाजूला सरकतोय? छंदाकडं की व्यसनाकडं?

आधी साधा हिशेब करू. तीन मिनिटांचा ब्लिट्झ म्हणजे दोघांची मिळून जास्तीत जास्त सहा मिनिटं. दहा डाव झाले की तास गेला. रोज एक तास म्हणजे वर्षाला ३६५ तास. चोवीस तासांचे पंधरा दिवस झाले की हे! आणि आपला भाऊ रात्री दीडपर्यंत बसतोय, म्हणजे एका तासावर भागत नसणार. शिवाय दीडला झोपलेला माणूस सकाळी सहाला लायब्ररीत बसला, तरी पुस्तक त्याच्या डोक्यात शिरत नाही. तो हिशेब वेगळाच.

आता रेटिंगचं बघू. सगळी गंमत तिथंच आहे आणि बऱ्याच जणांना ती माहीत नसते.

रेटिंगची ही पद्धत अर्पाड एलो या माणसाच्या नावानं ओळखली जाते. जागतिक संघटनेनं, म्हणजे फिडेनं, ती १९७० मध्ये स्वीकारली. अ‍ॅपवर चालतात ते याच कल्पनेचे सुधारलेले प्रकार. कल्पना अशी, की तुमचा आकडा ‘तुम्हाला किती येतं’ हे सांगत नाही. ‘बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही कुठं आहात’ एवढंच सांगतो. तुम्ही सुधारलात आणि तुमच्याबरोबर खेळणारेही तेवढेच सुधारले, तर आकडा जागचा हलणार नाही. म्हणजे दोन वर्षं १५०० वर अडकलेला मुलगा दोन वर्षांपूर्वीपेक्षा चांगला खेळत असू शकतो. आकड्यावरून ते कळत नाही.

दुसरी गोष्ट. अ‍ॅप तुमची जोडी कुणाशी लावतं? तुमच्याएवढ्याच ताकदीच्या माणसाशी. त्यामुळं साधारण निम्मे डाव तुम्ही जिंकणार आणि निम्मे हरणार. १५०० ला तसंच, २००० ला गेलात तरी तसंच. वर गेल्यावर हरणं कमी होईल असं वाटत असेल, तर ते होत नाही. तिथं वरचे लोक बसलेले असतात ना!

मग रात्री काय होतं? हरलो की वाटतं, एक जिंकून झोपू. जिंकलो की वाटतं, लय लागलीय, अजून एक. थांबायला कारणच सापडत नाही. समोर माणूस असला तर तो म्हणतो, “चल रे, उशीर झाला, घरात जेवायला थांबल्यात.” फोनमधला माणूस असं म्हणत नाही. तो गेला तर दोन सेकंदात दुसरा हजर.

त्याच्या मेसेजमध्ये पुढं एक वाक्य होतं, की बुद्धिबळानं बुद्धी तल्लख होते, परीक्षेला उपयोग होईल. असं आपण सगळेच घरच्यांना सांगतो. पण इंग्लंडमध्ये १०० शाळांमध्ये यावर मोठा प्रयोग झाला. मुलांना वर्षभर शाळेच्या वेळात बुद्धिबळ शिकवलं आणि नंतर वर्षभरानं त्यांचं गणित तपासलं. २०१६ मध्ये निष्कर्ष आला. बुद्धिबळ शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांच्या गणितात फरक दिसला नाही. त्यामुळं भावा, परीक्षेचं कारण सांगून खेळू नको. आवडतं म्हणून खेळतोय असं सांग. ते कारण पुरेसं आहे आणि खरंही आहे.

बरं, ‘सोडणं’ या शब्दाचीच आपल्याला भीती वाटते. सोडला म्हणजे हरला, जमलं नाही म्हणून पळाला. म्हणून आज दोन-तीन माणसांच्या गोष्टी सांगतो. यातलं कुणीही हरलेलं नाही.

पहिले मीर सुलतान खान. पंजाबातल्या सरगोध्याकडच्या खेड्यातले. ते आपल्या देशी पद्धतीनं बुद्धिबळ शिकले. त्या पद्धतीत प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं जाता यायचं नाही आणि कॅसलिंगही नव्हतं. आंतरराष्ट्रीय नियम ते नंतर शिकले. १९२९ मध्ये सर उमर हयात खान यांच्याबरोबर इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. पुन्हा १९३२ ला, पुन्हा १९३३ ला. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यांनी चक्क कापाब्लांकाला हरवलं, जो त्याआधी विश्वविजेता होता. आणि मग १९३३ च्या शेवटी ते भारतात परत आले. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना खेळले. त्यात फक्त एक बरोबरी दिली, बाकी सगळे जिंकले. त्यानंतर मोठ्या स्पर्धांमधून हा माणूस जवळजवळ दिसेनासा झाला. गावाकडं जमीन होती, तिथं राहिले आणि १९६६ मध्ये वारले. फिडेनं त्यांना मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये! म्हणजे जगाला वाटलं हा खेळाडू हरवला. पण ते तिथं तीस वर्षं जगले. एवढं वर जाऊन आलेला माणूस स्पर्धेशिवाय जगू शकतो, तर १५०० वाल्यानं सोडल्यावर आभाळ कोसळणार नाही, एवढंच म्हणायचंय.

दुसरी गोष्ट मुंबईची. रोहिणी खाडिलकर. ‘नवाकाळ’च्या नीलकंठ खाडिलकरांच्या घरातल्या तिघी बहिणी, वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये झाली, ती वासंती यांनी जिंकली. रोहिणी १९७६ मध्ये तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेत्या झाल्या. त्याच वर्षी त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या आणि त्यावरून मोठा वाद झाला. प्रकरण फिडेपर्यंत गेलं. शेवटी अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला, की महिलांना अशा स्पर्धांपासून रोखता येणार नाही. पुढं रोहिणी १९८१ आणि १९८३ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. १९९३ मध्ये त्यांनी बुद्धिबळ थांबवलं, छपाईच्या तंत्राचं शिक्षण घेतलं आणि नंतर ‘संध्याकाळ’च्या संपादक झाल्या. दुसरं काम हाक मारत होतं, त्या तिकडं गेल्या. ज्या मुलीसाठी जागतिक संघटनेला निर्णय द्यावा लागला, ती पुढं दुसऱ्या कामाला लागली म्हणून आधीचं काही पुसलं गेलं का? नाही.

आणि तिसरी गोष्ट आपल्या शेजारची, सांगलीची. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये तिथं नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं. त्यांचं नाव घेतलं जातं ते शिकवण्यासाठी आणि स्पर्धा भरवण्यासाठी. सांगलीच्याच भाग्यश्री साठे, म्हणजे लग्नानंतरच्या भाग्यश्री ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या. आणि त्या बँकेत नोकरीही करायच्या. एकाच गावात बुद्धिबळाबरोबर जगण्याचे असे दोन-दोन मार्ग दिसतात.

हे आपल्याकडच्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको, कारण आपण तालमी बघितल्यात. पैलवान पस्तिशीला आला की फड मारायचा थांबतो. पण सकाळी तालमीत येतोच. पोरांना डाव सांगतो, माती उकरून देतो. त्याला कुणी म्हणतं का, यानं कुस्ती सोडली? त्याला आपण वस्ताद म्हणतो. फक्त त्यानं एक पथ्य पाळायचं असतं. जोर-बैठका थांबवल्या की खुराकही कमी करायचा! मेहनत बंद आणि खुराक चालू ठेवला, की काय होतं ते आपण गावोगावी बघतो.

रात्रीचा ब्लिट्झ मला त्या खुराकासारखा वाटतो. अभ्यास नाही, हरलेला डाव परत मांडून बघणं नाही, समोर बसून गप्पा नाहीत. नुसतं एकामागून एक गिळायचं.

मॅग्नस कार्लसननं तर जुलै २०२२ मध्ये एका पॉडकास्टवरच सांगितलं (बघा, पॉडकास्टची ताकद!), की मी विश्वविजेतेपद राखायला पुढचा सामना खेळणार नाही. पाच वेळा तो सामना जिंकलेला माणूस! मजा येत नाही म्हणाला. पण बुद्धिबळ सोडलं का? अजून खेळतोय. जगज्जेतेपदाचा तो एक प्रकार सोडला आणि बाकीचं ठेवलं.

म्हणून मंडळी, ‘बुद्धिबळ सोडू का’ हा प्रश्न फार मोठा करून ठेवलाय आपण. त्याचे तुकडे करा. रात्रीचा ब्लिट्झ हा एक तुकडा. रेटिंग बघणं हा दुसरा. स्पर्धा हा तिसरा. रविवारी मित्राबरोबर पट मांडणं हा चौथा. कोडी सोडवणं, जुने डाव बघणं हे आणखी वेगळे. यातला कुठला तुकडा त्रास देतोय?

हे कळायला एक सोपी गोष्ट करा. आठवडाभर कागद जवळ ठेवा. अ‍ॅप उघडताना एक शब्द लिहायचा, का उघडलं. ‘कंटाळा’, ‘राग’, ‘मजा’, काय असेल ते. बंद करताना अजून एक शब्द, कसं वाटलं. सात दिवसांनी वाचा. पहिल्या रकान्यात ‘टेन्शन’ आणि दुसऱ्यात ‘चिडचिड’ असंच सगळीकडं असेल, तर तो तुकडा काढायचा. आणि कुठंतरी ‘मजा’–‘मजा’ असं असेल, तर तेवढं जपून ठेवायचं.

आता माझ्या त्या भावासाठी. तू विचारलंस म्हणून स्पष्ट सांगतो.

परीक्षा होईपर्यंत फोनवरचा ब्लिट्झ पूर्ण बंद कर. कमी करू नको, बंद कर. ‘रोज दोनच डाव’ हे ठरवणं टिकत नाही, कारण दोन डाव संपतात तेव्हा तू एक तर जिंकलेला असतोस नाही तर हरलेला, आणि तिसऱ्याला दोन्ही कारणं चालतात. पहिला आठवडा हात शिवशिवतील. रात्री अकराला काय करावं कळणार नाही. तेवढं सोसावं लागेल. अगदीच राहवलं नाही, तर एका चालीला एक-दोन दिवस मिळतात तसा पत्राच्या चालीनं चालणारा एखादा डाव चालू ठेव. लिचेससारख्या ठिकाणी रेटिंग न दिसण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू कर.

आणि पट काढ. लाकडी असो, प्लास्टिकचा असो. रविवारी दुपारी सोप्यात मांड. एक डाव, सावकाश. आई ‘खूळ’ म्हणते ना, तर तिच्या जागेवरून बघ. तिला घोडा-उंट काहीच दिसत नाही. तिला अंधारात फोनचा उजेड आणि त्यात खाली घातलेलं तुझं तोंड दिसतं. तू रील बघतोस, रमी खेळतोस की बुद्धिबळ, बाहेरून सगळं सारखंच. पट सोप्यात आला की तिला पहिल्यांदा कळेल, माझा मुलगा आठवीपासून काय करतोय. बसव की तिला समोर. घोड्याची अडीच घरं शिकव. ती हरली तरी हसेल, आणि तुझा रेटिंगचा आकडा काय आहे, हे ती विचारणार नाही.

हे करूनही परीक्षेनंतर वाटलं, की नको, मन उडालं, तर खुशाल सोड. कुणाची परवानगी लागत नाही. छंदाचं आपण काही देणं लागत नसतो. दहा वर्षं त्यानं तुला आनंद दिला, तो व्यवहार पूर्ण झाला. आणि परत वाटलं तर परत मांड. बत्तीस मोहरे कुठं पळून जात नाहीत.

बास, एवढंच. तुमचा कुठला नाद असा मधेच लटकलाय? गाणं, चित्रं, क्रिकेट, गेम, काय असेल ते सांगा. आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पण दोन मिनिटांच्या आत हं! निवडक मेसेज पुढच्या भागात ऐकवतो. काळजी घ्या, लवकर झोपा. भेटू.